अर्धी गोळी

थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि अंगात जीव आला. त्याआधी मी शिलाई मशीनवरच पेंगायचे, घरात कुणी काहीही सांगितलं तरी ‘बरं’ म्हणायचे. आता नणंदेने पडदे फुकटात शिवून मागितले, तर मी तोंडावर नाही म्हटलं. कधी उगाचच भडकायचे, मग रडायचे, हेही खरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “सुरुवातीला मन वरखाली होईल, थोडा धीर धरा.” पण आमच्या घरात धीर कुणाला! सासूबाई येता-जाता म्हणायच्या, “आधी कशी गरीब गाय होती!”

मग नवराच रोज सकाळी उपाशीपोटी माझ्या तोंडात गोळी घालून पाण्याचा पेला हातात देऊ लागला. मला भरून यायचं. शेजारणीला मी कौतुकाने सांगितलंसुद्धा.

हळूहळू हातपाय पुन्हा जड झाले. वाटलं, दुखणं वाढलं असेल. काल धुण्यासाठी त्याच्या शर्टाचा खिसा उलटा केला, तर मोडलेल्या गोळ्यांचे अर्धे तुकडे खाली सांडले.

“हे काय?”

“तुझ्याच भल्यासाठी केलं. घरात शांतता नको का?”

तो शर्ट त्याच्या तोंडावर फेकायचा होता, पण हात उचलेना. मी मशीनपाशी मटकन बसले.

“बघ,” सासूबाई त्याला म्हणाल्या, “आली की नाही ताळ्यावर?”

मशीनवर नणंदेचे पडदे अर्धे शिवून पडले होते. ‘बरं’ कधी म्हणाले, तेच आठवेना.