मधलं रानगुलाब

चेक देशातल्या आमच्या याब्लोनेत्स गावात काचेचे हिरे पिकतात. नाटकातल्या राण्या, सौंदर्यस्पर्धेतल्या पोरी, लग्नातल्या नवऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर आमचीच काच असते. उभं आयुष्य मी मुकुट बनवण्यात घालवलं, पण कुठल्या मुकुटापुढे हात जोडावेसे कधी वाटले नाहीत. ऊठसूट हात जोडणाऱ्यातली मी नव्हेच.

मग अपोलेना आली, एक जुना फोटो घेऊन. फोटोत तिची पणजी सिडोनी, काउंटांच्या घरात नुकती आलेली सून, आणि डोक्यावर पाच रानगुलाबांचा हिऱ्यांचा मुकुट. अस्सल मुकुट एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली कम्युनिस्टांनी गढीसकट जप्त केला. पुढे तो कुठे मोडला, कुठे वितळला, कुणालाच ठाऊक नाही. अपोलेनाला तिच्या लग्नासाठी तोच मुकुट काचेत हवा होता.

फोटोत चार फुलं लख्ख होती, मधलं तेवढं धूसर. माझ्याकडे खडे बसवणारा बोर्झिवोय म्हणाला, "कॅमेरा हलला असेल."

"कॅमेरा हलला आणि फक्त एक फूल हललं? नंबर वाढवून घे डोळ्यांचा. ते फूल दुधी खड्यांचं आहे, कळलं?"

त्याने दुधी खड्यांची डबी पुढे सरकवली. मी मधल्या फुलाच्या कोंदणात दुधी काच बसवली आणि स्वतःवरच खूश झाले. अशी चूक काचवाल्यांच्या गावातच व्हायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अपोलेना मुकुट न्यायला आली. हातात लग्नाआधी वाटायच्या खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचांचा डबा, आणि बरोबर नव्वदीची लेओपोल्डिना, सिडोनीची मुलगी, व्हिएन्नाहून आलेली. म्हातारी दारातल्या पायऱ्या चढत होती तेवढ्यात अपोलेना माझ्या कानाशी लागली.

"व्लास्ताताई, तुम्ही तरी तिचं मन वळवा. आमच्या घरात मुकुट पेटीतून थेट नवरीच्या डोक्यावर जात नाही. आधीची नवरी तो घालून चॅपेलच्या दारात येते, डोक्यावरून उतरवते, 'मी घातला, आता तू घाल' म्हणते आणि नव्या नवरीला घालते. आत्याआजीशिवाय आता कुणी उरलेलं नाही. आणि ती नाही म्हणते हो."

"का नाही म्हणते ते तिलाच विचारा, कान शाबूत आहेत तिचे," म्हातारी आत येत म्हणाली. "मी नवरी झालेच नाही. अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. मार्चमध्ये ते लोक गढी जप्त करायला आले. मी एक पिशवी घेऊन सरहद्दीपलीकडे गेले. माझा होणारा नवरा मागून येणार होता, आला नाही. मग जो मुकुट माझ्या डोक्याला लागलाच नाही तो 'मी घातला' म्हणून देऊ? देवाच्या दारात खोटं बोलू?"

अपोलेनाचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

मी मुकुट पुढे ठेवला. म्हातारीने तो निरखला आणि फिसकन हसली. "या मधल्या फुलाला मोतीबिंदू कुणी करून ठेवला?"

माझा पारा चढला. "फोटोत दिसतं तसंच केलंय, बाईसाहेब. चष्मा पुसून बघा."

"अगं बाई, ते फूल स्प्रिंगवर होतं! फोटोसाठी आई अगदी ताठ उभी होती. माणसं अनोळखी, घर अनोळखी. सगळे म्हणाले, पोरगी धीट आहे. पण आतून ती थरथरत होती, आणि ते फक्त त्या फुलाला कळलं. मला तिनेच सांगितलं, माझं लग्न ठरलं तेव्हा."

मी भिंग घेतलं आणि फोटो पुन्हा पाहिला. ज्याला दुधी खडे समजून मी दुधी काच बसवली होती, ती एका वीस वर्षांच्या मुलीच्या छातीतली धडधड होती. ती मुलगी गेली, गढी गेली, हिरे गेले, आणि धडधड कागदावर तशीच. बोर्झिवोयनेही भिंगातून पाहिलं आणि चिमटा माझ्यापुढे ठेवला.

जेवण राहिलं बाजूला. मी दुधी काच उपटली, लख्ख खडे बसवले, विणायच्या सुईवर बारीक तार गुंडाळून स्प्रिंग केली आणि फूल तिच्यावर चढवलं. मुकुट लाकडी ठोकळ्यावर ठेवला. फूल ढिम्म. लाकडाला कसली धडधड? नवरीने लग्नाआधी घालून बघणं आमच्याकडे अशुभ. माझं डोकं टोपल्याएवढं, मुकुट बसेचना.

"बाईसाहेब, बसा या खुर्चीत," मी म्हटलं. खरं सांगते, फूल हलतं की नाही यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं.

"माझं डोकं म्हणजे काय ठोकळा आहे?"

"ठोकळा इतकं बोलत नाही. बसा."

ती बसली. मी मुकुट तिच्या पांढऱ्या केसांवर ठेवला आणि आरसा पुढे धरला. तिची हनुवटी आपोआप वर गेली, पाठ सरळ झाली, चेहरा असा शांत की बघणाऱ्याने म्हणावं, बाई धीट आहे. आणि मधलं रानगुलाब थरथरायला लागलं. थांबेचना. खिडकीतलं ऊन त्या फुलात शिरलं आणि ठिणग्या आमच्या भिंतीभर नाचल्या. उभ्या जन्मात मी इतकी काच पाहिली, पण काच अशी जिवंत झालेली पाहिली नव्हती. माझे हात कधी जोडले गेले मला कळलंच नाही.

"हलतंय का?" तिने विचारलं. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिला आरशात काही दिसत नव्हतं.

"हो, आत्याआजी," अपोलेना म्हणाली.

मी मुकुट काढायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. "राहू दे. उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी चॅपेलपुढे गाडी थांबली आणि लेओपोल्डिना उतरली, करडा कोट, काळे बूट, हातात काठी आणि डोक्यावर मुकुट. बँडवाले वाजवायचे थांबले. कुणी हसलं नाही. ती हळूहळू दारापर्यंत चालत गेली, काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी मुकुट उतरवला आणि अपोलेनाच्या डोक्यावर ठेवला.

"मी घातला," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आता तू घाल."