अण्णांचं भंगार आणि रुंद टायर

दादाला मी पहिल्यापासून सांगत होते, नुसते टायर बदल. पण माझा भाऊ मेकॅनिक आहे, आणि मेकॅनिक लोकांना ‘नुसतं’ काही करताच येत नाही.

खाणीच्या मुकादमाने स्पष्ट सांगितलं होतं, “बाई, आतला रस्ता भुसभुशीत आहे. मागे रुंद टायर टाकून आज चारच्या आत गाडी आणा. नाहीतर काम टकल्याचं.” टकल्या म्हणजे दुसरा ट्रकवाला. त्याच्या टायरपेक्षा डोक्यात हवा जास्त. आणि हे काम गेलं की माझा ट्रक विकायचा, हे घरात ठरून गेलेलं होतं. ट्रक मी एकटी चालवते. तो विकायचा म्हटलं की मला घासच गिळवत नव्हता.

रुंद टायर आत स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार, वर माल भरायच्या ट्रॉलीच्या बुडाला घासणार. म्हणून दादाने चाकं जराशी बाहेर सरकवली, ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले, शिवाय दोन जाड पाटे वाढवले. ट्रकचं ढुंगण चांगलं वर आलं. दादा हात पुसत लांबून बघत राहिला, पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, खुर्ची टाकून सकाळपासून चुका काढत होते. गॅरेज मूळ त्यांचं. आता दादा चालवतो, पण अर्धी जागा अजून अण्णांच्या भंगारानेच अडवलेली. गंजलेले गिअरबॉक्स, फुटकी इंजिनं, वाकडे ॲक्सल. कुणी हात लावला की अण्णा गुरगुरणार, “राहू दे. लागेल कधीतरी.” दादा आणि अण्णांची रोजची भांडणं त्यावरूनच.

“नट नीट आवळ,” अण्णा म्हणाले.

“आवळलाय.”

“मग कुरकुरतंय काय?”

“तुमची खुर्ची.”

मी ट्रक सुरू केला, रिव्हर्स टाकला आणि गॅरेजच्या दाराशी येऊन कचकन ब्रेक मारला. ट्रॉली दाराच्या वरच्या तुळईपेक्षा उंच झाली होती. आत आला तेव्हा ट्रक आरामात आला होता. आता बाहेर जाईना.

सगळे एकदमच बोलायला लागले.

“तुला दार दिसलं नाही?” अण्णा दादावर ओरडले.

“तुम्ही सकाळपासून दारातच बसलाय ना! तुम्हाला दिसलं?”

“मी तुझ्या चुका बघत होतो. वर बघायला वेळ कुठे होता?”

तुळई फोडायची सोय नव्हती, कारण तिच्यावरच आईचं स्वयंपाकघर. सगळं परत खोलायचं तर दिवस जाणार. चाकांची हवा काढून बघितली, तरी तीन बोटं कमीच. मला रडूच फुटलं. भर गॅरेजमध्ये, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, नाक ओढत. लाज वाटली, पण थांबवता येईना.

वरच्या खिडकीतून आईचं तोंड बाहेर आलं.

“अरे, रडवताय काय माझ्या पोरीला! एवढं लोखंड पडलंय, भरा ना ट्रॉलीत. दबेल आपोआप.”

दादाने भंगाराकडे बघितलं. मग अण्णांकडे. त्याच्या तोंडावर असं हसू आलं की मला एक ठेवून द्यावीशी वाटली.

“हात तर लावून दाखव,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. उठले, कुरकुरत एक गिअरबॉक्स कवटाळला आणि म्हणाले, “बघत काय उभा राहिलास गाढवा, दुसरीकडून धर.”

आम्ही भरत गेलो, आई वरून हिशेब देत गेली. “अजून एक बोट! ते काळं धूड टाका! अगं बाई, दबला गं दबला!” पाटे कण्हत खाली बसले आणि ट्रक तुळईला हलकेच खरवडत बाहेर पडला. चाकांत हवा भरेपर्यंत तीन वाजून गेले होते. भंगार उतरवायला वेळच नव्हता. अण्णा सरळ केबिनमध्ये चढून बसले. “माल माझा आहे. बरोबर येणार.”

खाणीच्या मऊ मातीवरून भरलेला ट्रक असा गेला की टायर कुठे घासले नाहीत, कुठे रुतलेही नाहीत. दादाचं काम चोख होतं. हे त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल.

मुकादमाने मागे डोकावून कपाळाला हात लावला. “बाई, दगड न्यायला आलात की लोखंड विकायला? गाडी रिकामी हवी. इथे रस्त्यात काही ठेवायचं नाही. टाकायचंच तर त्या जुन्या खड्ड्यात ओता, आज बुजवायचाय तो. नाहीतर बाजूला व्हा.” मागे टकल्या हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

मी अण्णांकडे बघायचं टाळत होते. एक एक तुकडा त्यांनी ओळखीचा करून ठेवलेला. ‘हा अमक्या गाडीचा, तो तमक्या गाडीचा.’ मी गिअर बदलून वळायच्या बेतात होते.

“ओत,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, अहो...”

“ओत म्हणतो ना. लागेल कधीतरी म्हणत होतो. लागलं.”

ट्रॉली वर उचलली गेली. सगळं लोखंड खडखडत खड्ड्यात गेलं. अण्णा समोरच्या काचेतून टकल्याकडेच बघत राहिले.

संध्याकाळी दगडांची पहिली खेप पोचवून, गाडी गल्लीत उभी करून आम्ही आत आलो. कोपरा इतका रिकामा होता की फरशीचा रंग लाल आहे हे मला त्या दिवशी कळलं. दादाने तोपर्यंत तो झाडूनही घेतला होता, हरामखोराने. अण्णा तिथवर गेले. मग खिशातून एक गंजका बोल्ट काढून त्यांनी कोपऱ्यात ठेवला, अगदी मधोमध.

दादाने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. पण तो बोल्ट त्यानेच उचलला, शर्टाला पुसला आणि परत जागेवर ठेवला.

“असू द्या अण्णा,” तो म्हणाला. “लागेल कधीतरी.”