कोरी पाठ

"परवान्याची पाठ कोरी ठेव, बेटा. पुढून नुसतं नाव असतं. माणूस कसा चालवतो, ते पाठीवर लिहितात."

मोहियोद्दीन उस्तादांनी मोटार शिकवताना हे सांगितलं त्याला बारा वर्षं झाली होती, आणि उस्तादांना जाऊन सहा. तरी कचेरीच्या खिडकीतून नवा परवाना हातात पडला तेव्हा बद्रीनाथने आधी तो उलटा केला. पाठ कोरी होती. धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखी पांढरीशुभ्र.

तीन वर्षांत एकही शेरा नाही, म्हणून जुने दोन शेरे नव्या कागदावर उतरवले नाहीत, असं कारकुनाने सांगितलं. ते दोन्ही शेरे भरधाव चालवल्याचे होते, लाल शाईतले, कचेरीच्या उर्दूत. बद्रीनाथला उर्दू वाचता येत नव्हती, पण लाल रंग वाचायला शाळा लागत नाही. तिसरा शेरा पडला की परवाना जप्त. मग हातातलं मोटारीचं चाक सुटायचं आणि पुन्हा दुसऱ्याच्या रानात औताचं रुमणं हाती यायचं.

बाहेर पिशोरची मोटार भरत आली होती. कंडक्टर वहाबने कागद हातात घेऊन उलटसुलट न्याहाळला.

"बिलकुल साफ. आता नवरदेवावानी मिरव, बद्री."

बद्रीनाथ हसला नाही. त्याने परवान्याची घडी केली, ती कोरी बाजू आत जाईल अशी, आणि खिशात सारली.

पुढच्या बाकावर मनकर्णाबाई बसली होती. बाजाराची पिशवी पायाशी, मांडीवर पितळी तांब्या, तोंडाला ओलं फडकं बांधलेला. तीन वर्षं ती बाजाराला याच मोटारीने येई आणि जाताना हा भरला तांब्या बद्रीनाथच्या हाती देई. इंजिनासाठी. तोही मुकाट्याने घेई, वेरुळाला गाडी थांबली की खाली उतरून ओतून टाकी आणि तिच्याकडे न बघता रिकामा तांब्या परत करी.

तो पहिला तांब्या त्याला विसरता येत नव्हता.

त्या दिवशी तिच्या नवऱ्याला, कडूबाला, रानात पान लागलं होतं. सापाचं नाव कुणी घेत नव्हतं, पण घोट्यावरच्या दोन टिपक्या साऱ्या मोटारीने पाहिल्या. शहराच्या दवाखान्यात लस मिळते, एवढंच वहाबला ठाऊक होतं. बद्रीनाथने मोटार अशी पळवली की वेरुळाचा नाका सोडल्यावर टपावरच्या दोन कोंबड्यांच्या पाट्या कुठं पडल्या ते कळलं नाही. मागं कडूबा घोट घोट पाणी मागत होता आणि मनकर्णाबाई तांब्या त्याच्या ओठांना लावत होती.

आणि मग शहराचा नाका जवळ आला.

वेरुळाच्या नाक्यावर निघाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून मिळे. शहराच्या नाक्यावर जमादार ती घड्याळाशी ताडून पाही. फार लवकर पोचलात म्हणजे भरधाव आलात. म्हणून साऱ्या ड्रायव्हरांची एक रीत पडली होती. सपाटीला मोटार पळवायची आणि नाक्याच्या अलीकडं, मोठ्या चिंचेखाली उभं राहून जास्तीची मिनिटं जिरवायची. उतारूंनी विचारलं तर सांगायचं, इंजिन तापलंय. कुणी बिडी ओढी, कुणी पाय मोकळे करी.

त्या दिवशीही बद्रीनाथ चिंचेखाली थांबला. माणूस वाचावा म्हणून पळवलेली मोटार त्याने परवाना वाचावा म्हणून उभी केली. जमादाराला मागचा माणूस दाखवता आला असता. जमादारही लेकराबाळांचा धनी होता. पण त्या घडीला बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं नुसती लाल शाई होती. 'इंजिन तापलंय,' तोंडातून सवयीने शब्द निघाले आणि मनकर्णाबाई तांब्या घेऊन धावत आली. बॉनेटच्या आडोशाला उभं राहून त्याने ते पाणी चिंचेच्या मुळाशी ओतलं. पाव तास गेला. वहाबने एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान वळवली. पुढं तो या गोष्टीवर कधी बोलला नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

त्यानंतर बद्रीनाथने मोटार कधी पळवली नाही. बैलगाड्या पुढं जातील इतक्या सावकाश चालवी, म्हणून उतारू त्याची थट्टा करत. पाठ कोरी राहिली ती अशी.

मोटार शहराच्या नाक्याबाहेर पडली. चिंच दिसू लागली तसा खिशातला कागद छातीला टोचू लागला. झाडापाशी आल्यावर त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि मोटार थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदा.



मनकर्णाबाई उठून पुढं आली. फडकं सोडून तिने तांब्या त्याच्यापुढं धरला.

"तापलं का, दादा? घ्या. समदं घ्या."

त्याने हात पुढं केला नाही.

"त्या दिशी म्या अर्धाच तांब्या दिला व्हता," ती हळू आवाजात म्हणाली. "अर्धं पाणी त्यांच्यासाठी लोट्यात काढून ठिवलं. कुणाला सांगितलं नाय. सासूलाबी नाय. समदं दिलं आस्तं तर इंजिन बिगीनं निवलं आस्तं, गाडी निघाली आस्ती. माझ्या पाण्यापायी उशीर झाला. म्हून आणते मी भरून, दर बाजाराला."

तांब्यातलं पाणी काठोकाठ थरथरत होतं. बद्रीनाथला त्यात चिंचेची पानं दिसली, आणि त्यांच्यामधून आपलं तोंड. त्याने चाकावरचे दोन्ही हात काढून मांडीवर घेतले.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिशी इंजिन तापलं नव्हतं."