संशयी मोटार आणि शिवणाची टेप

मित्रांनो, मी एक जुनी, चार दारांची मोटार आहे. पण तुम्ही इतक्या जवळ का आलात, ते मला आधी कळले पाहिजे. हात मागे घ्या. मागच्या वेळी असाच एक जण मायेने बॉनेटवर हात फिरवत आला आणि तो निघाला भंगारवाला.

संशय माझ्या रक्तातच आहे. माझी एक थोरली बहीण रॅलीत धावायची, म्हणजे चिखल, खडी आणि बर्फाच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत. त्या काळी बहुतेक मोटारींची दोनच चाके जोर लावायची, उरलेली दोन नुसती सोबतीला फिरायची. चारही चाकांना ताकद द्यायची ती लष्करी आणि शेतावरच्या गाड्यांना, असे जाणकार सांगायचे. थोरली चारही चाकांनी चिखल तुडवत निघून गेली आणि बाकीच्या जागच्या जागी चाके फिरवत राहिल्या. मग जाणकारांचे डोळे उघडले. शर्यतीचा एक नियमही होता. जी मोटार पळवायची, तशाच ठरावीक मोटारी साध्या गिऱ्हाइकांसाठी बनवल्या पाहिजेत. म्हणून कारखान्याने आम्हा धाकट्या बहिणींना घडवले. मला कुणी हौसेने नव्हे, नियमापुरते जन्माला घातले, अशी शंका मला अजून येते.

थोरलीचे इंजिन मला मिळाले. त्यात हवा कोंबणारा टर्बो मिळाला आणि बॉनेटवर वारा ओढणारे तिचे नाकाडेही आले. वर मागच्या बाकावर तीन मुले मावतील एवढी जागा आणि डिकीत बाजाराच्या पिशव्या. ही घरची गाडी की शर्यतीची, हे कुणाला उमगेना. शेजारीण नाक मुरडायची. पोलीस तर उभ्या गाडीलाही वळसा घालून बघायचे. पुढे पुढे अशा मोटारी बऱ्याच निघाल्या आणि लोकांना सवय झाली, पण माझ्याकडे आधी सगळे तिरक्या नजरेनेच बघत.

माझ्या पोटात मधोमध एक डबा आहे. मिस्त्री त्याला डिफरन्शियल म्हणतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकदीची वाटणी तो करतो. त्याचा कुणावरच विश्वास नाही. पुढची चाके जास्त फिरली की त्याला वाटते, ही घसरली. लगेच तो मागच्यांना जोर देतो. शर्यतीत बहीण याच डब्यामुळे वाचायची.

मला विकत घेतले ते वळणकाकांनी. रॅलीत ते चालकाशेजारी बसून वहीतून पुढची वळणे वाचून दाखवायचे, म्हणून सगळे त्यांना वळणकाका म्हणत. माणूस माझ्याहून संशयी. हवा भरून आणली तरी घरी पुन्हा तपासायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते टायरवर खडूची खूण करायचे, मला चाकाचा एक फेरा पुढे घ्यायचे आणि किती अंतर गेले ते टेपने मोजायचे. चारही चाके अशी मोजून वहीत लिहायचे. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे.

टेप असायची त्यांच्या लेकीची. ती शिवणकाम करते, शाळेचे गणवेश शिवते. काळी झालेली टेप गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला लागली की घरात वादळ व्हायचे. शेवटी कंटाळून ती टेप दिवसभर गळ्यातच घालून फिरू लागली. वळणकाकांची नजरही त्याच सुमारास अधू झाली आणि माझे मोजमाप थांबले.

आता लेक मला चालवू लागली. घाटावरच्या शाळेला गणवेश पोचवायचे असत आणि तिथल्या सुट्या खडीच्या चढावर दुसरी गाडी टिकत नसे. वळणकाका शेजारी बसून न बघता वळणे सांगायचे. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायचे ते तेवढेच.

गेल्या वर्षी धारदार दगडाने माझा पुढचा एक टायर फाटला. लेकीने पुढचे दोन्ही टायर नवे कोरे घातले आणि मागचे जुनेच ठेवले. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षे साधे फडके न मारणारी ही आज मला सजवते कशाला? हिने गिऱ्हाईक गाठले असणार.

महिनाभरात माझ्या पोटातून घरघर येऊ लागली. तीव्र वळणावर मी आखडायचे, जळका वास यायचा. दोन मिस्त्रींनी मान हलवली. गाडी संपली, घाटात घात करेल, विका, म्हणाले. लेकीने भंगारवाल्याला बोलावले. त्याने बॉनेटवर हात फिरवला आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून गेला. बघा, म्हटले नव्हते मी?

वळणकाकांनी एवढेच मागितले, की घाटाच्या पायथ्यापर्यंत एकदा नेऊन आण. निघालो. ते वळणे सांगत होते. पहिल्या तीव्र वळणावर मी थरथरले आणि ते मध्येच गप्प झाले.

"थांब," ते म्हणाले. "सरळ नीट जाते, वळताना अडते. टायर कधी बदललेस?"

"मागच्या महिन्यात. पुढचे दोन. मागचे चांगले होते, बाबा."

"टेप कुठंय?"

लेकीने गळ्याला हात लावला. मग तिने पर्समधला शिवणाचा खडू काढला आणि सपाट जागा बघून रस्त्यावर गुडघे टेकले. पुढचे चाक मोजले. मागचे मोजले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. पुढचे चाक दर फेऱ्याला दोन बोटे जास्त जात होते.

"पुढची दोघं रोज एक सांगतात, मागची दोघं दुसरं," वळणकाका म्हणाले. "मधल्या डब्यानं कुणाचं ऐकायचं? त्याला वाटतं, सारखं कुणीतरी घसरतंय. भांडून भांडून जळेल नाहीतर काय."

तिने हातातल्या टेपकडे पाहिले. ती काळी झाली होती.

"सगळ्या गावाची मापं घेते मी," ती म्हणाली. "तुम्ही पुढं बसता ना बाबा, म्हणून नवे टायर पुढं घातले."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. मला सजवले नव्हते. विकायचेही तेव्हा तिच्या मनात नव्हते. महिनाभर मी तिच्याविषयी वाईटसाईट चिंतत होते, आणि एकदाही खरे काय ते पडताळून पाहिले नाही. मला लाज वाटली.

भंगारवाला संध्याकाळी रिकाम्या हाताने परत गेला. मला चारही टायर सारखे मिळाले. डब्याला बसायचा तो मार बसलाच, थंडीत वळताना मी अजून कण्हते. पण घाट चढते, आणि वळणकाका शेजारी असतात. माझ्या कप्प्यात आता माझी स्वतःची टेप आहे. पहिल्या रविवारी लेक रस्त्यावर गुडघे टेकून मोजते आणि ते वहीत आकडे लिहायला सांगतात.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिची चारही चाके सारखी ठेवा. कितीही माया असली तरी दोघांनाच नवे आणि दोघांना जुने करू नका. आणि माणसांचा संशय आलाच, तर आधी मोजून बघा, मग मनात धरा.

तुम्ही अजून इथेच आहात? बरे, लावा बॉनेटला हात. आधी दोन्ही हात दाखवा मात्र.