स्क्रूवरचा लाल ठिपका

तबकडी माझ्या आईची होती. ती वाजवायला घरात काही नव्हतं, म्हणून जयराज सांगलीला गेले आणि बिराप्पाकडून जुना प्लेअर घेऊन आले. एसटीत आदळू नये म्हणून त्यांनी तो साताऱ्यापर्यंत मांडीवर धरला होता. बिराप्पा जुने रेडिओ आणि प्लेअर दुरुस्त करून विकतो. मशीन लय इमानी हाय, असं त्यानं निघताना दोनदा सांगितलं म्हणे.

जयराज, माझे यजमान, सैन्याच्या सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. मुलगी पुण्याला असते, सदरबझारच्या घरात आम्ही दोघंच.

सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज आला. तो खाली होता. अर्धा स्वर उतरलेला.

जयराज मान डोलावत होते. मस्त वाजतंय की, म्हणाले. मी म्हटलं, जरा हळू फिरतंय. बोलले साध्या आवाजात, पण सुई उचलून गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

आईचा आजार याच तबकडीपासून सुरू झाला होता. पाटणच्या घरी एका दुपारी ती म्हणाली, "ही बाई आज एवढ्या जड आवाजात का गातेय?" वडिलांनी प्लेअर दुरुस्तीला दिला. परत आणला, तरी आई तेच म्हणाली. पुन्हा दिला. शेवटी विकून टाकला. पुढच्या वर्षी आई मला, तुम्ही कुणाच्या, असं विचारायला लागली. तोवर आम्ही सगळे यंत्रच दुरुस्त करत राहिलो होतो.

म्हणून या वेळी दोष यंत्रात सापडायलाच हवा होता.

बेल्ट सैल पडला असेल म्हणून नवा मागवला. मोटरची कप्पी स्पिरिटनं पुसली. मधला दांडा काढून जुनं घट्ट झालेलं तेल साफ केलं आणि नवं घातलं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच गाणं. आवाज खालीच राहिला. प्लेअरच्या तळाला एक छोटं भोक असतं. त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून आतला स्क्रू फिरवला की तबकडीचा वेग कमीजास्त होतो. जयराज बाजारात गेले असताना मी प्लेअर टेबलाच्या कडेबाहेर थोडा सरकवला आणि खालून चाचपत स्क्रू फिरवला. गाणं हळूहळू वर चढलं आणि पाटणच्या घरी ऐकू यायचं त्या जागी येऊन बसलं. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खाली होतं.

मी पुन्हा फिरवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधे एकदा, मी स्क्रू फिरवल्यावर, जयराज चहा घेता घेता म्हणाले, "ही बाई लय घाईत हाय आज. एसटी सुटत्याय जणू हिची." मला ती नेहमीची थट्टा वाटली. स्क्रू आतून सैल झालाय, मोटरच्या थरथरीनं सरकतोय, असं मी स्वतःला समजावलं. हे समजावणं सोपं होतं, कारण मला तेच हवं होतं.

त्या महिन्यात माझ्या गालाची नस दुखत होती. दात घासताना उजव्या गालातून वीज गेल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली होती. तिनं चांगला आराम पडला, त्यामुळे तो विषय मी मनातून काढून टाकला होता.

कानावर विसंबायचं नाही असं ठरवून मी एक कागदी चकती छापली. तिच्यावर एकशे ऐंशी काळ्या रेघा होत्या. विजेच्या जुन्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, डोळ्याला ते कळत नाही. तबकडी नेमक्या वेगानं फिरत असेल, तर त्या प्रकाशात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. हळू फिरत असेल तर मागे सरकतात. हॉलमधल्या एलईडीखाली नुसताच करडा पट्टा दिसला. मग आठवलं, कोठीच्या खोलीत अजून चोकवाली ट्यूबलाइट आहे. प्लेअर तिथं तांदळाच्या डब्यावर ठेवला, दार लोटलं आणि गाणं लावलं.

आवाज खाली होता. रेघा उभ्या होत्या. एकही सरकत नव्हती.

मी वाकून बघत राहिले. वीजच कमी फ्रिक्वेन्सीची येत असेल का? हिशेब केला. एवढा फरक पडायला ती पन्नासवरून सत्तेचाळीसवर यायला हवी. तसं झालं असतं तर गावोगावचा पुरवठा कधीच तुटला असता. यंत्र बरोबर होतं.

माझ्याकडे नादकाट्यांची, म्हणजे ट्यूनिंग फोर्कची, एक पेटी आहे. प्रयोगशाळेत नवे काटे आले, तेव्हा निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी जुनी पेटी मला दिली. या काट्यांचे आवाज मला माणसांसारखे ओळखता येत. मुलं पाठीमागे काटा वाजवायची आणि मी त्याच्या कंपनांचा आकडा सांगायची. मी पाचशे बाराचा काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला.

तोही उतरलेला होता.

नादकाट्याला बेल्ट नसतो, मोटर नसते, वीज लागत नाही. पोलादाचा तुकडा तो. मी काटा पेटीत ठेवला, पेटी फडताळात ठेवली आणि कोठीतच खाली बसले.

यातलं मी कुणाला काही सांगितलं नाही. भाजी चिरताना सतराचा पाढा म्हणायला लागले. दूधवाल्याचं, शेजारणीच्या सुनेचं, कॉलेजातल्या शिपायाचं नाव मनात म्हणून बघायची. एकदा मीठ टाकलं की नाही ते आठवेना, तर गॅस बंद करून मी तशीच उभी राहिले. आईलाही हे असंच आधी कळलं असेल का? आणि तिनंही सांगितलं नसेल?

एका दुपारी जयराज माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या हातात आमचा बारीक स्क्रूड्रायव्हर होता आणि त्याच्या टोकाला लाल कपच्या चिकटल्या होत्या.

"ह्ये काय हाय, ओळखा बाई," ते म्हणाले. मी शिकवायची म्हणून ते मला गमतीनं बाई म्हणतात, पण आत्ता चेहऱ्यावर गंमत नव्हती.

सिग्नल्समध्ये कुठलाही स्क्रू जुळवला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायची रीत आहे. ठिपका तडकला की समजायचं, स्क्रू हलला. जयराजना गाणं घाईचं वाटत होतं. मी दुपारची पडले की ते मोबाइलवर तेच गाणं लावून त्याच्याशी वेग जुळवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाढलेला. तेव्हा त्यांनी मुलीची जुनी नेलपॉलिश शोधून स्क्रूवर ठिपका दिला. तो तडकला. मला खालून चाचपताना तो दिसणं शक्यच नव्हतं. इतके दिवस आम्ही दोघं एकच स्क्रू दोन बाजूंना फिरवत होतो, न बोलता.

"मला सांगायचं तरी हुतं की," ते म्हणाले. "मी काय बिराप्पाला शिव्या घालत बसलो हुतो."

मी त्यांना सगळं सांगितलं. आईचं, रेघांचं, काट्याचं. शेवटचं वाक्य मोठ्यानं म्हणायला वेळ लागला. "मला वाटतं, माझं आईसारखं व्हायला लागलंय."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "वाटतं म्हणजे रीडिंग न्हवं. पेटी आणा."

त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागे काटा वाजवला. मी म्हटलं, चारशे ऐंशी. दुसरा वाजवला. मी म्हटलं, तीनशे वीस. तिसऱ्या काट्याला मला आकडाच सांगता आला नाही, तो दोन काट्यांच्या मधे कुठंतरी वाजत होता.

मी वळले. पहिला काटा पाचशे बाराचा होता, दुसरा तीनशे एक्केचाळीसचा.

"दोनीबी चुकले," ते हळू म्हणाले.

मी भागाकार केला. भीती वाटली की मी आकडेमोड करते, तशी सवयच आहे. दोन्हींचं गुणोत्तर एकच आलं, सोळाला पंधरा. पुन्हा केला. तेच.

विसरणारं डोकं असं चुकत नाही. ते एकदा इकडे चुकतं, एकदा तिकडे. इथं प्रत्येक आवाज सारख्याच प्रमाणात खाली येत होता. माझी ओळख शाबूत होती, काहीतरी पट्टीच उतरवत होतं. मग मी विचार केला, या महिन्यात माझ्यात नवं काय आलं? उत्तर ओट्यावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी पडलं होतं.

पोवई नाक्यावरच्या डॉक्टरांना हे सांगताना मला लाज वाटत होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या गोळीनं क्वचित कुणाला सगळे स्वर उतरलेले ऐकू येतात, म्हणाले, बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. एकदम बंद करू नका, हळूहळू दुसरीवर जाऊ. फरक पडायला हवा. नाही पडला तर पुढं बघू.

त्या शेवटच्या पाच शब्दांसोबत मी पुढचे दिवस काढले. गोळी कमी होत गेली तसा गालात पुन्हा चमका यायला लागल्या. जयराज रोज सकाळी मला भिंतीकडे बसवायचे. बरोबर की चूक ते सांगायचं नाही, असं मीच बजावलं होतं, नाहीतर मी अंदाज बांधला असता. ते कपडा टाकून पेटी झाकायचे. एखाद्या सकाळी मी कुठलाच आकडा सांगितला नाही, कारण चुकीचा येईल याची भीती वाटली. तेही मग चहा टाकायला जायचे.

तिथं भिंतीकडे बघत बसल्यावर पाटणचा प्लेअर आठवायचा. तो खरंच हळू फिरत असेल का? त्या दिवशी आईचं ऐकणं बरोबर असेल का? त्याच्यावर रेघांचा कागद कुणी ठेवलाच नव्हता.

आज सकाळी ते मागे उभे राहिले. कपडा सरकल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले आणि गाल हातानं धरला. काटा वाजला. तो उंच, स्वच्छ आवाज आला, विझेपर्यंत मी ऐकला.

"पाचशे बारा," मी म्हटलं.

मी वळले नाही, वळायचा धीर झाला नाही. मग त्यांची पावलं टेबलाकडे गेली, खण उघडला, आणि नेलपॉलिशच्या बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण ते पिळून काढू लागले.