बोरीवरचे कोसे

ईश्वरप्पा मास्तरांचा त्या पत्रावरचा राग चार महिने झाले तरी उतरला नव्हता. वळसंगच्या माळावर, ओढ्याकाठच्या बोरीवर त्यांना टसर रेशमाच्या पतंगाचा कोष, म्हणजे कोसा, सापडला होता. अंड्याएवढा, देठाने फांदीला घट्ट आवळलेला. त्यांनी सोलापूरच्या एका प्राध्यापकांना कळवलं. उत्तर आलं की वीतभर पंखांचा हा पतंग दाट जंगलातला, तुमच्या उघड्याबोडक्या माळावर तो असणं शक्य नाही. म्हणजे सोळा वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस थापा मारतो, असंच ना?

मास्तर हट्टाला पेटले. आधी पतंग दाखवायचा, मग झाड. बोरीवर आणखी सात कोसे होते, पण कुणीतरी पाडील या धास्तीने त्यांनी ती जागा बायकोलासुद्धा सांगितली नाही.

घरी आणलेला कोसा काही फुटेना. त्याला दमट हवा लागते, आणि त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात वळसंगात दमट होतं ते फक्त माणसांचं कपाळ. मास्तर रोज आपल्या आंघोळीतलं तांब्याभर पाणी त्याच्यावर शिंपडू लागले. टँकरपुढे दोन-दोन तास ताटकळणारी कमलम्मा ते बघून भांडी आपटायची.

जूनमध्ये पतंग निघाला. पिवळी मादी, चारी पंखांवर काचेसारखे गोल ठिपके. तिला खायला तोंडच नसतं, आठवडाभराचा खेळ. मास्तरांनी तार ठोकली. पाचव्या दिवशी प्राध्यापक एसटीने आले, चष्मा पुसून पुसून बघत राहिले आणि म्हणाले, "हा कोसा बाहेरून आलेला नाही कशावरून? झाडावरचा एक दाखवा. तुमच्या नावाने छापून आणतो."

मास्तर त्यांना घेऊन जवळजवळ पळतच ओढ्यावर गेले. बोरीचा नुसता बुंधा उभा होता. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं. त्यांनी खोटारडा म्हटलं असतं तरी मास्तरांना इतकं झोंबलं नसतं.

घरी येऊन ते कमलम्मासमोर गावाच्या नावाने बोटं मोडू लागले, कुण्या नालायकाने बोर तोडली म्हणून.

"मीच तोडली," कमलम्मा म्हणाली. "जनावरं छावणीत गेलीत. गवऱ्या न्हाईत, चूल कशानं पेटवू?"

"आणि कोसे? ते दिसले नाहीत तुला?"

"दिसले की. सात हुते. म्हटलं, तुमाला दिसले तर सगळे घरात आणचाल. सातांना पाणी कुटनं आणू मी? चुलीत घातले." मग ती चुलीकडे वळून म्हणाली, "त्या बोरीचं एका शब्दानं बोलला असता, तर दुसरी तोडली असती की."

मास्तर उंबऱ्यावर बसले. इतके दिवस चिडायला प्राध्यापक तरी होते.