शिंप्याची तारीख

वसुलीवाले काका चौथ्यांदा आले तेव्हा बाबा ट्रायलच्या पडद्यामागे उभे होते आणि दार उघडायला मी गेले.

असं काही ठरलेलं नव्हतं. जिन्यात बुटांचा आवाज आला, आत्या ओठांत सुई धरूनच "आला मेला" म्हणाली, आणि बाबा मशीनवरून उठून सरळ पडद्याआड. आईने माझ्याकडे पाहिलं. घरात सगळ्यात जास्त तोंड माझं, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय. सहा महिन्यांपूर्वी मी हजेरीलासुद्धा इतकी हळू 'हजर' म्हणायचे की बाईंनी दोनदा माझी गैरहजेरी लावली होती. मग शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माइक माझ्या हातात कोंबला, आणि मला शोध लागला की मी बोलले की लोक ऐकतात. तेव्हापासून मी कुठेही बोलते. रांगेत, बसमध्ये, गिऱ्हाइकांशी. पण त्या दिवशी कडी काढायला मी मुद्दाम वेळ लावला.

"बाबा आहेत?" काकांनी विचारलं.

"नाहीत."

काका आत आले. आमची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची खोली म्हणजे घर. त्यांनी कापडाचे गठ्ठे पाहिले, आत्याला पाहिलं, आणि मग पडदा पाहिला. आमचा पडदा गुडघ्यापर्यंतच आहे. खाली बाबांचे पाय दिसत होते, एका पायाच्या अंगठ्याला दोरा गुंडाळलेला.

"बरं," काका म्हणाले. "मग तुझ्याशीच बोलतो." आणि ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून पडद्याकडे तोंड करून माझ्याशी बोलायला लागले.

गोष्ट अशी होती. बाबांनी काजाचं मशीन कर्जावर घेतलं होतं. शर्टाच्या बटणाला जे भोक लागतं, ज्याच्या कडा दोऱ्याने भरलेल्या असतात, ते काज. हाताने एक काज करायला आत्याला दहा मिनिटं लागतात, मशीनवर, कापड लावण्या-काढण्यासकट, दोन मिनिटंसुद्धा नाही. मशीन आल्यावर बाबांनी एका हॉटेलच्या वेटरांचे पंचेचाळीस कोट शिवले. कोट तयार झाले आणि हॉटेल बंद पडलं. ते कोट आमच्या माळ्यावर आहेत. खिशांवर हॉटेलचं नाव भरलेलं असल्यामुळे ते कुणाला फुकटसुद्धा देता येत नाहीत. त्यात तीन हप्ते बुडाले.

"शुक्रवारी आमची माणसं टेम्पो घेऊन येतील," काका पडद्याला म्हणाले. "मशीन घेऊन जातील. आज मंगळवार. मी आपलं आधी सांगून ठेवलं, म्हणजे जिन्यात तमाशा नको."

पडद्याखालचे पाय हलले. आईने आतल्या खोलीच्या चौकटीला हात टेकला. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचा ढीग पडला होता. दवाखान्याचे ऐंशी कोट, प्रत्येकाला सहा काजं. अठरा तारखेला द्यायचे होते. हे एक काम हाती लागलं होतं म्हणून तर घरात गेले आठ दिवस माणसं हसून बोलत होती. मशीन गेलं तर ते काम गेलं, आणि ते काम गेलं तर पुढचे हप्ते कशातून भरणार? हा हिशोब मलासुद्धा जमत होता.

"काका," मी म्हटलं, "खालच्या बाइंडर काकांचे तुमच्याच कंपनीचे पाच हप्ते राहिलेत. ते स्वतःच सगळ्या इमारतीला सांगत असतात. त्यांच्याकडे टेम्पो नाही आला. आमचे तीन, आणि आमचं मशीन नेणार. हे कुठलं गणित?"

"अगं," आई आतून म्हणाली.

"विचारू दे," काका म्हणाले. ते रागावले नाहीत. आवाज चढवणारा माणूसच नव्हता तो, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटायची. "दुसऱ्याचं मी बोलत नाही. तुमचं दाखवतो." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

फोनवर बाबांचं नाव होतं, खाली आमचा पत्ता, आणि खाली चार ओळी. प्रत्येक ओळीत एक तारीख आणि पुढे लाल अक्षरांत एकच शब्द: मोडली.

"आधीच्या तीन भेटींत एकेक तारीख, आणि एक फोनवर," काका म्हणाले. "प्रत्येक वेळी तुझे बाबा स्वतःहून म्हणाले, मंगळवारी नक्की. शुक्रवारी नक्की. फक्त थोडेच राहिलेत. मी मागितलीसुद्धा नव्हती. पण त्यांनी दिली की मला लिहावीच लागते. आणि ऑफिसात हप्ता चुकवणारा वेगळा आणि तारीख देऊन मोडणारा वेगळा. पहिल्याला अडचण असते. दुसरा फसवतो, असं धरतात. चार मोडल्या की फाइल माझ्या हातातून जाते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच वेळी कानशिलं गरम झाली.

कारण ते वाक्य आम्ही रोज ऐकतो. फक्त बटणं राहिलीत, शुक्रवारी नक्की. कापड अजून बेतलंसुद्धा नसतं तेव्हा बाबा हे सांगतात. गिऱ्हाईक शुक्रवारी येतं, बाबा म्हणतात, मंगळवारी. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. ज्यांना रविवारी कपडे हवेत ते बाबांना गुरुवार सांगतात, बाबाही ते ओळखून असतात, आणि शेवटी सगळं रविवारी सकाळी बरोबर जुळतं. आत्या तर म्हणते, "दादा स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वहिनीच्या वडिलांना म्हणाला असता, परवा या, फक्त बाह्या राहिल्यात." माणूस दारातून समाधानाने परत जावा, एवढंच त्या तारखेचं काम. बाबांनी वसुलीवाल्यालाही गिऱ्हाइकासारखंच परत पाठवलं होतं. चार वेळा.

पडदा बाजूला झाला. बाबा बाहेर आले, हातात एक बाही, टाचण्या लावलेली.

"मी फसवणारा माणूस नाही," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "पण माझ्या माहितीला किंमत नाही. लिहिलेलं असतं त्याला आहे. उद्या साडेदहाला ऑफिसात या. मॅडमशी बोला. त्यांच्या हातात आहे."

"येतो ना. आणि पैशांचं तुम्ही बिलकूल... येत्या सोम..."

"बाबा, थांबा," मी म्हटलं.

इतकं सहज तोंडातून गेलं. बाबा थांबले. तोंड उघडंच होतं. काकांनी फोनवरचं बोट उचललं, फोन खिशात घातला, आणि मला वाटतं त्यांना तसंच हवं होतं.

ते गेल्यावर बाबा कितीतरी वेळ खोलीत येरझाऱ्या घालत होते. दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं, मध्ये इस्त्रीचं टेबल चुकवायचं. आई म्हणाली, "अहो, बसा." ते बसले, उठले. मीही कुठली बसतेय. पाठीमागे हात बांधून त्यांच्यामागून मीही फिरत होते, आणि आत्या म्हणाली, "दोघांची वरात कुठं निघाली?"

तेवढ्यात चौकातल्या दुकानाचे मालक आले. त्यांच्या दोन पँटी होत्या आमच्याकडे. "झाल्या का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कापडाच्या गठ्ठ्याकडे. "कापड बेतलेलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "वीस-बावीस दिवस लागतील."

मालकांनी गठ्ठ्यातलं आपलं कापड ओढून काढलं. "गेल्या वेळी तर म्हणालात बटणं राहिलीत."

"खोटं बोललो."

मालकांनी कापड काखेत मारलं आणि गेले. पायऱ्यांवर त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. आत्याने सुईत दोरा ओवला. "वा," ती म्हणाली. "लेकीनं एक गिऱ्हाईक वाचवलं का घालवलं, काय समजायचं?"

दोन पँटींची शिलाई म्हणजे काय ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरत होते तेव्हा बाबा म्हणाले, "पहिले दोन तास बुडव. तू चल. मी एकटा गेलो तर तारीख देऊन येईन."

ऑफिस म्हणजे लांबट खोली, एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे बसलेली सगळी माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. पावणेअकरा झाले. अकरा. मी मनात भाषण तयार करत होते. सुरुवात, तीन मुद्दे, शेवट.

मॅडम आईच्याच वयाच्या असतील. चष्मा डोक्यावर, समोर तीन फायली उघड्या. माझ्या भाषणाची त्यांना गरजच पडली नाही. त्यांनी फाइल पाहिली, बाबांना पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बघा, मला वाद नको. वीस तारखेला एक पूर्ण हप्ता भराल? भरणार असाल तर शुक्रवारचं मी आत्ता थांबवते. हो की नाही, एवढंच सांगा."

"हो," मी म्हटलं.

तोंडातून कधी गेलं ते मला कळलंच नाही. तो एक शब्द टेबलावर ठेवला की टेम्पो गेला, मशीन राहिलं, मी साडेबाराच्या तासाला वर्गात. इतकं सोपं होतं ते. मॅडमनी पेन उचललंसुद्धा.

"नाही," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. कपाळाला घाम आला होता.

"वीसला पूर्ण हप्ता होणार नाही," ते म्हणाले. "दवाखान्याचे कोट मी अठराला देतो. ते पैसे आठ दिवसांनी देतात, आधी देत नाहीत, मी विचारून आलोय. वीसला माझ्याकडे फुटकळ शिलाईचे येतील, त्यातून हप्त्याचा तिसरा भाग देऊ शकतो. आणि काल एक गिऱ्हाईक गेलं, त्यामुळे तेही जेमतेम. पूर्ण हप्ता सत्तावीसला. बाकीचे दोन त्याच्या पुढच्या महिन्यात, एकेक करून. मशीन नेलंत तर यातलं काहीच होणार नाही."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मी तुम्हाला सोपं करून दिलं होतं."

"हो. म्हणूनच."

"सत्तावीस म्हणजे महिनाअखेर. वर मला उत्तर द्यावं लागतं." त्यांनी फाइल पुन्हा चाळली. त्या चार ओळींवर त्यांचं बोट थांबलं. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. "बघते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी कळेल."

बस. एवढंच. बाहेर आलो तर बाबा इतके भराभर चालायला लागले की मला जवळजवळ पळावं लागलं.

"तू हो का म्हणालीस?" सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"सुटावं म्हणून."

"हं," बाबा म्हणाले. "आत गेल्यापासून माझ्याही जिभेवर तेच होतं." सिग्नल सुटला आणि ते पुढे गेले.

मग ते दोन दिवस. कसे काढले ते कुणी विचारू नये. बाबा मशीनवरून उठेनात. नेणारच असतील तर त्याआधी होतील तितकी काजं करून घेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. आई कोट इस्त्री करून देत होती, मी खडूने खुणा करत होते, प्रत्येक दोन काजांमध्ये सारखं अंतर, आत्या सुटे दोरे कापत होती. वर्गात विज्ञानाच्या तासाला मी वहीच्या समासात सहाचे पाढे लिहीत होते. गुरुवारी संध्याकाळी तीनशे झाली. शुक्रवारी मी शाळेत गेले नाही. कुणी जा म्हणालं नाही.

अकराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. मी ऐकत होते, किती माणसं आहेत ते. एकच. आत्याने कात्री खाली ठेवली. बाबा उठले नाहीत. हातातल्या कोटाचं सहावं काज पुरं केलं, दोरा तोडला, आणि स्वतः दाराशी गेले.

वसुलीवाले काका होते, एकटे, हातात एक कागद. त्यावर दोन तारखा छापलेल्या होत्या. वीस, पुढे तिसरा भाग. सत्तावीस, पुढे पूर्ण.

"मॅडमनी रात्री सातपर्यंत वरच्यांशी भांडून हे काढलं," ते म्हणाले. "यातली एक जरी चुकली तरी मग मी काही करू शकणार नाही, आणि त्याही नाही. सही इथे."

बाबांनी कागद दोनदा वाचला. मलाही वाचायला दिला. मी वाचला, मान हलवली. त्यांनी सही केली. आई दारातच खाली बसली, पदराने तोंड पुसत, आणि आत्याने कधी नव्हे ते काकांना पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन काकांनी फोन काढला. "वीसला किती वाजता येऊ? सकाळी चालेल?"

"येऊ नका," बाबा म्हणाले.

काकांची नजर वर गेली.

"तुमच्या ऑफिसचं दार किती वाजता उघडतं?"

"दहाला."

"मी येतो," बाबा म्हणाले. "दहाला तिथं असेन. तुम्ही जिने चढू नका."

काकांनी फोनवर काहीतरी लिहिलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघाले. त्यांच्या मागे दार लावून बाबा मशीनवर येऊन बसले. एकशे बत्तीस काजं राहिली होती. मी पुढचा कोट उलगडला आणि पहिली खूण केली.